अडगळीचा रविवार

घरातील भांडीकुंडी विकायला काढण्याची पाळी येणे, यापेक्षा मोठी नामुष्की आपल्या मध्यमवर्गाला सहसा कल्पिता येत नाही. सावकाराची फिर्याद, बेलिफाने ओटीवर आणून मांडलेल्या पराती आणि घंगाळी, लिलाव पुकारणारा शिपाई, आणि केवळ गंमत पाहायला म्हणून जमलेले परंतु जाताना एखादे तपेले स्वस्तात उचलून नेणारे शेजारी, ही चित्रे आपल्या मनात इतकी खोल रुतलेली आहेत की, अन्नवस्त्राची यत्किंचितही ददात नसलेल्या घरातसुद्धा जुनी वस्तू पैसे घेऊन विकणे हे अब्रूला काहीसे कमीपणा आणणारे कृत्य समजले जाते. म्हणून नकोशा झालेल्या वस्तूंची वासलात लावण्याच्या ज्या वाटा आपण काढल्या, त्या सगळ्या अशा धोरणाने काढल्या की विक्री घडली असा आरोप कुणावर येऊ नये. जुने कपडे बोहारणीला द्यायचे, आणि तेही रोकड घेऊन नव्हे, तर त्यांच्या मोबदल्यात स्टीलचे पातेले घेऊन. तासभर घासाघीस करणारी गृहिणी पैशाला हात लावीत नाही, त्यामुळे भर दुपारी दारात बसून केलेला तो सौदा व्यापारात न मोडता संसारदक्षतेत मोडतो. रद्दी विकण्यास हरकत नसते, कारण वाचून झालेले वर्तमानपत्र ही मालमत्ता असल्याचे कुणी मानीतच नाही. उरलेले सामान कामवालीला, गड्याला, गावाकडच्या नातलगाला. आणि जे त्यांनीही नाकारले ते माळ्यावर.

स्वतःच्या घराला किल्ला मानणाऱ्या, शेजाऱ्याला वर्षानुवर्षे दिवाणखान्यात न घेणाऱ्या आणि मिळकतीचा विषय निघताच हवापाण्याकडे वळणाऱ्या इंग्रज मध्यमवर्गाने या एका बाबतीत आपल्या नेमके उलट वागावे, ही गोष्ट तिकडे राहायला गेलेल्या मराठी माणसाला प्रथम अचंब्याची आणि पुढे विचार करण्याजोगी वाटते. वसंतापासून शरदापर्यंतच्या कोणत्याही कोरड्या रविवारी, उजाडते न उजाडते तोच, हे लोक माळ्यावरचे, गॅरेजमधले आणि मोठ्या होऊन निघून गेलेल्या मुलांच्या कपाटांतले सामान मोटारीत कोंबतात, गावाबाहेरच्या एखाद्या शेतात, शाळेच्या पटांगणात किंवा जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर नेतात, आणि परक्या माणसांच्या पायांशी आपला संसार गवतावर पसरून निःसंकोचपणे उभे राहतात. याला कार बूट सेल म्हणतात. आपण जिला मोटारीची डिकी म्हणतो तिला तिकडे बूट म्हणतात, एवढ्यावरून हे नाव पडले. जागेचे भाडे दहापंधरा पौंडांच्या आसपास, व्हॅन असल्यास थोडे अधिक; गिऱ्हाइकाला आत येण्यास कोठे काहीच नाही, तर कोठे पौंडभर द्यावे लागते, आणि ज्याला इतरांच्या आधी आत शिरायचे असेल त्याच्याकडून त्या घाईची वेगळी किंमत वसूल होते.

इंग्रजांना ही लाज मुळातच ठाऊक नव्हती असे मात्र समजू नये. उत्तरेकडील गिरणगावांतून सोमवारी नवऱ्याचा ठेवणीतला सूट गहाणवटीच्या दुकानात नेऊन ठेवायचा आणि आठवड्याचा पगार हाती आला की सोडवून आणायचा, हा क्रम कित्येक कामगार कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालू होता, आणि ते गाठोडे शालीआड लपवून नेणाऱ्या बाईला आपल्या इकडच्या बाईइतकीच शेजाऱ्यांची धास्ती वाटत असे. ही लाज धुऊन निघाली ती दोन गोष्टींमुळे, असे माझे मत आहे. त्यांतील एक चर्च आणि दुसरी मोटार.

चर्चचा संबंध असा. या प्रथेचे जनकत्व स्टॉकपोर्टचे कॅथलिक धर्मगुरू फादर हॅरी क्लार्क यांच्याकडे देण्याची पद्धत आहे. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी कॅनडात अशा तऱ्हेचा बाजार पाहिला आणि मायदेशी परतल्यावर सत्कार्याला निधी उभा करण्यासाठी तो आपल्याकडे भरवला, असे सांगतात. तत्पूर्वी चर्चच्या सभागृहात भरणारी जम्बल सेल होतीच, आणि ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅम या संस्थेने १९४७ च्या सुमारास दान आलेल्या वस्तूंचे दुकानही थाटलेले होते. पण त्या दोन्ही ठिकाणी गृहस्थाने वस्तू द्यायची आणि विसरून जायचे. पैसा सारा धर्मादायात. नव्या प्रकारात वस्तूचा पैसा विकणाऱ्याच्या खिशात राहिला आणि जागेचे भाडे तेवढे सत्कार्याच्या पेटीत पडले. दान आणि विक्री यांच्यामधला हा बांध इतक्या बेमालूमपणे ओलांडला गेला की, ओलांडणाऱ्यालाही आपण पलीकडे गेल्याचे कळू नये. पुढे शेतकऱ्यांनी आणि ठेकेदारांनी केवळ नफ्यासाठी असे बाजार भरवण्यास सुरुवात केली, तोपर्यंत लोकांची भीड चेपलेली होती.

मोटारीचे काम याहून सूक्ष्म आहे. १९७० च्या सुमारास ब्रिटनमधील जवळजवळ निम्म्या कुटुंबांच्या दारात मोटार आलेली होती. हातगाडीवर जुने सामान घेऊन रस्त्यात उभा राहणारा मनुष्य गरजू ठरतो; तेच सामान स्वतःच्या मोटारीतून बाहेर काढणारा मनुष्य मात्र हौशी ठरतो, कारण ज्याच्यापाशी मोटार आहे त्याचे दोन फुटक्या कपबशांवाचून अडलेले नाही हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मोटार ही विक्रेत्याच्या अब्रूला जामीन राहिली. १९८० नंतरच्या मंदीत जेव्हा त्या देशातील बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली, तेव्हा या जामिनाचा खरा उपयोग झाला. कारण ज्याला त्या आठवड्याचे वीजबिल भरण्यासाठीच मुलाची सायकल विकायची होती, त्यालाही हौशी लोकांच्या ओळीत, त्यांच्याइतक्याच प्रसन्न मुद्रेने उभे राहता आले. निकी ग्रेगसन आणि लुईझ क्रू या दोन भूगोल-अभ्यासिकांनी जुन्या वस्तूंच्या व्यवहाराचा जो विस्तृत अभ्यास केला आणि २००३ साली ग्रंथरूपाने मांडला, त्यातही केवळ गरिबांची सोय एवढ्याच दृष्टीने या बाजारांकडे पाहता येत नाही, हेच दिसून येते. कोण हौसेने आला आहे आणि कोण अडचणीने, हे त्या शेतात ओळखता येत नाही, आणि ओळखता येऊ नये हाच या संस्थेचा सर्वांत मोठा गुण आहे.

कायद्याने या उपटसुंभ बाजाराकडे कसे पाहिले, हा भाग मला स्वतःला फार रंजक वाटतो, आणि ज्यांना कायद्याचा कंटाळा आहे त्यांनी मला थोडी सवलत द्यावी. इंग्लंडात बाजार भरवण्याचा हक्क ही मुळात राजाने सनदेने द्यावयाची वस्तू; आपल्याकडे नवी पेठ वसवताना सरकारातून कौल मिळे आणि शेटे-महाजनांचे हक्क ठरत, त्याच जातीची. अशी सनद ज्या नगराकडे असेल त्याच्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत, नेमके सांगायचे तर सहा मैल आणि दोनतृतीयांश मैल एवढ्या अंतरात, दुसऱ्या कुणी प्रतिस्पर्धी बाजार भरवल्यास सनदधारकाला दाद मागता येते. हे विचित्र माप आले कोठून? तेराव्या शतकातील ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात त्याची उपपत्ती अशी दिली आहे की, मनुष्य दिवसाला वीस मैल चालतो असे धरावे, आणि दिवसाचे तीन भाग करून एक बाजाराला जाण्यात, एक क्रयविक्रयात आणि एक उजेडी घरी परतण्यात खर्च व्हावा. आता गिऱ्हाईक पायी येत नाही, क्रयविक्रय अर्ध्या तासात आटोपतो आणि परतताना वाटेत पेट्रोल भरायला थांबणे तेवढे होते. तरीही बैलगाडीच्या काळातले हे अंतर जिवंत आहे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस कित्येक नगरपालिकांनी आपल्या जुन्या सनदा दप्तरातून बाहेर काढून त्यांच्या आधारे या मोटारबाजारांकडून परवान्याची फी मागितली.

दुसरा लगाम नगररचनेच्या कायद्याचा. शेतजमिनीचा उपयोग तात्पुरत्या अन्य कारणासाठी करण्याची मुभा वर्षातून २८ दिवसांपुरती आहे, परंतु त्यांपैकी बाजारासाठी १४ दिवसांपेक्षा अधिक वापरता येत नाहीत. त्यापुढे रीतसर परवानगी काढावी लागते. त्याच पोटकलमात मोटारींच्या शर्यतींनाही १४ दिवसांचीच मर्यादा घातलेली आहे, म्हणजे शेजारच्या शांततेचा भंग करण्याच्या बाबतीत जुन्या किटल्या विकणारे आणि ताशी शंभर मैलांनी मोटारी पळवणारे हे दोघे सरकारच्या लेखी एका पंगतीला बसले आहेत. शिवाय १९८२ च्या एका कायद्याने, ज्या स्थानिक संस्थेने ते कलम स्वीकारले असेल तिच्या हद्दीत, पाच किंवा अधिक गाड्या अथवा मांडण्या असलेल्या तात्पुरत्या बाजाराची सूचना महिनाभर आधी देणे भाग पाडले. मात्र उत्पन्न मुख्यतः धर्मादाय, सामाजिक, क्रीडाविषयक किंवा राजकीय कार्याला जाणार असेल तर सूट. फादर क्लार्क यांची सावली अशी कायद्याच्या कलमावरही पडलेली दिसते. लंडनच्या पश्चिम भागात चिझिक येथील शाळेच्या आवारात महिन्याच्या पहिल्या रविवारी भरणारा बाजार आजही पालक स्वयंसेवकच चालवतात आणि त्याचे उत्पन्न शाळेला जाते.

कलमे येथे संपतात आणि चिखल सुरू होतो. हीथ्रोच्या पलीकडे, विमाने डोक्यावरून चाके सोडीत जातात अशा एका शेतात, गेल्या उन्हाळ्यात मी एका मराठी दांपत्याच्या मोटारीतून गेलो. गृहस्थ डॉक्टर, मूळचे नाशिकचे; सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर तीन मजली घर विकून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाण्याचे त्यांनी ठरवलेले, आणि चाळीस वर्षांचा संसार त्यात मावणे अशक्य होते. जाण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यांच्या पत्नीचा या बेताला विरोध होता. "आपण काय दिवाळखोर झालो आहोत का?" असे त्या मला उद्देशून, पण नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी मात्र सगळी तयारी चोख केली होती. भिंतीला कागद चिकटवण्याच्या वेळी वापरतात ते घडीचे लांब, हलके टेबल, कपडे टांगण्याची दांडी, पाऊस आला तर झाकायला प्लॅस्टिक, आणि बरणीभर सुटी नाणी. कारण सकाळी सहाला वीस पौंडांची नोट घेऊन येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला मोड देता आली नाही की दिवस बिघडतो, हे अनुभवी माणसांनी त्यांना बजावलेले होते.

दुसरी बजावणी मात्र ते विसरले. शेतात पोहोचल्यावर फटक्यासरशी डिकी उघडायची नसते. आम्ही थांबतो न थांबतो तोच अंधुक उजेडात हातात विजेऱ्या घेतलेल्या पाचसहा जणांनी मोटारीला वेढा घातला, आणि डॉक्टरांनी भाबडेपणाने झाकण वर करताच त्यांतील दोघांचे हात कोपरापर्यंत आत गेले. "घड्याळे आहेत का? कॅमेरे? जुने फोन? दागिने, सोने, नाणी?" हे प्रश्न ते कुणाला उद्देशून विचारीत नव्हते, त्यांची बोटेच शोध घेत होती. हे धंदेवाईक व्यापारी. दुकानदार, लिलावगृहांना माल पुरवणारे, इंटरनेटवर विकणारे. विक्रेत्याला आपल्या वस्तूची किंमत कळण्याच्या आत ती हस्तगत करणे यावरच त्यांचे पोट असते, आणि म्हणून ते उजाडण्यापूर्वी येतात. डॉक्टर गोंधळून "हो, हो, पाहा ना," म्हणत राहिले. त्यांच्या पत्नी पुढे झाल्या, त्यांनी झाकण खाली ओढले, आणि अस्खलित इंग्रजीत सांगितले की टेबल मांडून होईपर्यंत काहीही विकायचे नाही. ते लोक न रागावता पुढच्या मोटारीकडे वळले. त्या क्षणी त्या दुकानाची मालकी बदलली, हे आम्हां दोघा पुरुषांच्याही लक्षात आले.

उजाडल्यावर दिसलेल्या वस्तूंचे वर्णन करायचे तर इंग्लंडच्या गेल्या पन्नास वर्षांच्या हौसामौजांची नोंदवहीच उघडावी लागेल. पाव भाजण्याची यंत्रे, चीज वितळवून खाण्याचे संच, वजन घटवण्याच्या प्रतिज्ञेसोबत विकत घेतलेल्या आणि त्या प्रतिज्ञेसोबतच अडगळीत गेलेल्या व्यायामाच्या सायकली, १९८१ च्या राजपुत्र चार्ल्स यांच्या विवाहाचे मग, दोनचार तुकडे हरवलेली हजार तुकड्यांची चित्रकोडी, कुणालाही नको असलेल्या व्हिडिओ कॅसेटी, बाळांच्या ढकलगाड्या. कुणाच्या बाळाच्या ते सांगायला आई तेथेच उभी असते, आणि ते बाळ आता सहा फूट उंच होऊन शेजारी पेंगत असते. मधल्या गल्लीत तळलेल्या बेकनचा वास. काही ओळींत नवा माल विकणारे फेरीवालेही असतात. बॅटऱ्या, मोजे, कुंडीतली रोपे. पाळीव जनावरे मात्र विकता येत नाहीत, बाजारातील मांडणीवर त्यांची विक्री करण्यास १९८३ पासून कायद्यानेच मनाई आहे. गिऱ्हाइकांत इंग्रज म्हातारे जेवढे, तेवढेच पोलंड आणि रुमानियाकडचे तरुण संसारी लोक. आणि शिवणयंत्रे, सायकली, हत्यारे नेमकी हेरून घेणारे पश्चिम आफ्रिकेचे व्यापारी, ज्यांच्या मालाचा पुढचा मुक्काम बंदरावरचा कंटेनर असतो.

इंग्रज मनुष्य घासाघीस करीत नाही अशी आपली समजूत आहे, आणि दुकानात ती खरीही आहे. या शेतात आला की तोच मनुष्य निराळा होतो, पण निराळा होतानाही सभ्यतेचा अंगरखा उतरवीत नाही. "जास्तीत जास्त किती कमी करू शकाल?" असा प्रश्न तो वस्तूकडे पाहून विचारतो, विक्रेत्याकडे नव्हे. पौंडाची वस्तू अर्ध्या पौंडाला मागताना त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव असतो, आणि मिळाली की तो दोनदा आभार मानतो. डॉक्टर या आभारांनी विरघळत होते. मुलाचे क्रिकेटचे पॅड त्यांनी एका लहान मुलाला फुकट देऊन टाकले, बायकोच्या देखत मेडिकलची तीन जाड पुस्तके एका विद्यार्थ्याला फुकट देऊन टाकली, आणि चौथे देण्याच्या बेतात असताना "अहो, तुम्ही जरा चहा घेऊन या," असे त्यांना सांगण्यात आले. त्यानंतर व्यवहाराला शिस्त आली. पितळी डबा कुंडी म्हणून गेला. पाट गेला तो कशासाठी हे घेणाऱ्यालाही सांगता येईना. चकलीचा सोऱ्या एका केस पिकलेल्या बाईंनी बराच वेळ फिरवून पाहिला, चकत्या एकेक घालून पाहिल्या, तो कशासाठी असतो हे समजावून घेतले आणि मग सांगितले की त्या कुंभारकाम करतात आणि मातीच्या कड्या काढायला यांतली चांदणीची चकती उत्तम आहे. तीन पौंड सांगितले होते. बाईंनी दोन देऊ केले. बोहारणीसमोर घडलेला तो हात अडीचच्या खाली उतरला नाही.

या बाजारातील दंतकथा सगळ्या गवसण्याच्या असतात, गमावण्याच्या कुणी सांगत नाही. वस्तुतः प्रत्येक गवसण्यात कुणीतरी गमावलेलेच असते. आयझलवर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाच्या आवारात १९८० नंतरच्या दशकात भरलेल्या अशाच एका बाजारात एका बाईंनी मोठ्या खड्याची एक अंगठी दहा पौंडांना घेतली. एवढा मोठा खडा खरा असणार नाही हे उघडच होते. शिवाय एकोणिसाव्या शतकातील जुन्या घडणीमुळे त्याला आजच्या हिऱ्याची झळाळी नव्हती. ती अंगठी बोटात घालून त्यांनी सुमारे तीस वर्षे बाजारहाट केला, घरकाम केले. अखेर एका जवाहिऱ्याने शंका घेतली, आणि तो २६ कॅरटांहून अधिक वजनाचा अस्सल हिरा निघाला. जून २०१७ मध्ये सदबीज् या लिलावगृहात त्याचे ६,५६,७५० पौंड आले. वर्तमानपत्रांनी घेणाऱ्या बाईंच्या नशिबाचे गोडवे गायिले. दहा पौंडांची नोट घडी करून खिशात ठेवणाऱ्या विक्रेत्याने ती बातमी वाचली असेल काय, आणि वाचून तो दिवस त्याला आठवला असेल काय, हा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही. कायद्याने त्याला काही मागता येत नाही. खासगी विक्रेत्याने वस्तूविषयी खोटे सांगितले नाही आणि घेणाऱ्याने फसवले नाही, की अज्ञानाचा तोटा ज्याचा त्याने सोसावा, हीच रीत.

चोरीच्या मालाचे तसे नाही. सनदी किंवा परंपरेने चालत आलेल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, नेकीने आणि उघड्यावर घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच राहते, असा एक पुरातन नियम इंग्रजी कायद्यात कालपरवापर्यंत होता. लंडनच्या बर्मंडसी बाजाराला त्याची कीर्ती म्हणा, अपकीर्ती म्हणा, लाभलेली होती. संसदेने तो नियम रद्द केला आणि जानेवारी १९९५ पासून त्याचा अंमल संपला. शेतातल्या मोटारबाजाराला हे संरक्षण मुळातच नव्हते. येथे घेतलेली चोरीची सायकल तिच्या मूळ मालकाचीच राहते. तरी संशय सुटत नाही, म्हणून केंट परगण्याने २००१ साली संसदेकडून स्वतंत्र कायदा करवून घेऊन जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांना नोंदणी आणि खरेदीविक्रीची नोंदवही सक्तीची केली, आणि असे बाजार भरवणाऱ्यांनाही आपल्या नजरेखाली घेतले.

प्राप्तिकराचे अधिकारी या शेतात सहसा फिरकत नाहीत, आणि त्यांनी फिरकण्यासारखे तेथे फारसे काही नसते. स्वतः वापरलेली वस्तू घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकली तर नफाच झाला नाही, मग कर कशावर? विकण्यासाठीच घेऊन विकू लागलात की तुम्ही व्यापारी. आणि तेव्हाही एप्रिल २०१७ पासून वर्षाकाठी १,००० पौंडांपर्यंतच्या अशा उलाढालीला सूट आहे. विजेऱ्या घेऊन आलेल्यांची बाब अर्थातच वेगळी. इंटरनेटवरील विक्रीने हा बाजार बुडेल असे भाकीत ईबे तिकडे १९९९ साली आले तेव्हापासून होत आले आहे. चांगल्या वस्तू तिकडे वळल्या हे खरे; पण अर्ध्या पौंडाच्या किटलीचा फोटो काढून, तिला खोक्यात बांधून, टपालखात्यात रांग कोण लावणार? शेताला उरलेल्यांचा तोटा नाही.

साडेदहाच्या सुमारास गर्दी ओसरू लागली. टेबलावर एक इडलीपात्र, कॅरमचा बोर्ड आणि नाट्यसंगीताच्या कॅसेटींचे खोके एवढेच उरले होते. बाईंनी बरणीतली नाणी दोनदा मोजली होती आणि आकडा नवऱ्याला सांगायचे नाकारले होते. सकाळपासून त्यांची एकच भीती त्यांनी मला पुनःपुन्हा बोलून दाखवली होती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, तेथे येणारे सगळे एकमेकांना ओळखणारे. कुणी पाहिले तर गणपतीपर्यंत ही वार्ता सगळीकडे होणार. म्हणून त्या ओळखीचा वाटणारा प्रत्येक सावळा चेहरा दिसला की मोटारीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन आरशात केस नीट करीत होत्या. या खेपेला त्यांना वेळ मिळाला नाही.

"वहिनी, तुम्ही इथे?" टोपी घातलेले एक गृहस्थ टेबलापाशी उभे होते, आणि बाईंइतकेच तेही दचकले होते.

"तुम्ही इथे कसे, भाऊ?"

"खरेदीला." मग त्यांनी मागे वळून पाहिले, आवाज उतरवला आणि म्हणाले, "म्हणजे, आमची गाडी पलीकडच्या ओळीत आहे. पण ओळखीचे कुणी भेटले तर खरेदीला आलो आहोत असेच सांगायचे, असे हिने बजावले आहे."

डॉक्टर मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत; त्यांनी इडलीपात्र उचलून पदराने नव्हे तर कोटाच्या बाहीने पुसले आणि टेबलाच्या कडेला ठेवले. गृहस्थांनी ते उघडून खाचा मोजल्या.

"केवढ्याला हे?"

"पाच पौंड."

"आपल्या माणसाला?"

"आपल्या माणसाला पाच. इंग्रजांना सकाळपासून चारच सांगत होते, पण त्यांना त्यातले काय कळते?"

त्यांनी पाच दिले.